पोट्टा ॲप बनवतो, बांधी विकू का?

बारावीचा निकाल लागला की माझ्या ओट्यावर चपलांची रांग लागते. चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, आरमोरी, कुठूनही या, प्रश्न एकच असतो: "सर, पोट्ट्याला ॲपच्या कोर्सला टाकू का?" यंदाचे एक वडील तर नागपूरच्या तीन महिन्यांच्या क्लाससाठी धानाची एक बांधी विकायला निघाले होते. मुलाने ॲप केलं होतं. जंगलात वाघ दिसला की बटण दाबायचं, गावातल्या सगळ्या फोनवर भोंगा वाजणार. शिवाय गुराखी कुठे आहे ते नकाशावर दिसणार.

मी मुलाला म्हटलं, फोन लॉक कर, खिशात टाक आणि जटपुरा गेटपर्यंत जाऊन ये. पोरगं घामाघूम होऊन परतलं. नकाशावरचा ठिपका माझ्या दारातच उभा होता.

ॲपमध्ये चूक नव्हती, समजुतीत होती. ताडोबात मोहर्ली गेटमधून जिप्सी आत जाते, पण ठरलेल्या रस्त्यानेच. मधे उतरायचं नाही, वाट सोडायची नाही. फोनमधलं ॲप तसंच असतं. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळ्या कुंपणात ठेवतं. शेजारच्या ॲपच्या खासगी फायलींना त्याला हात लावता येत नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन यांची परवानगी मालकाकडे मागावी लागते. ॲप उघडं नसताना मागच्या मागे लोकेशन घ्यायचं, तर २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून त्याची वेगळी परवानगी लागते. त्यातून बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी ॲप्स झोपवतो, ते निराळंच. आयफोन याहून कडक.

आणि भोंगा? स्वतःच्या फोनवर वाजवता येईल. दुसऱ्याच्या फोनवर वाजवायचा, तर तेच ॲप तिथे हवं, परवानगी हवी, नेटवर्क हवं. भामरागडकडच्या माणसाला नेटवर्कबद्दल मी काय सांगावं! २०२३ मध्ये सरकारी चाचणीत कितीतरी फोन एकदम किंचाळले होते, आठवतं? तो संदेश कुठल्या ॲपचा नव्हता. तो टॉवरवरून थेट फोनच्या यंत्रणेत उतरला होता. त्या कामाला दूरसंचार आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली माणसं लागतात, तीन महिन्यांचा क्लास पुरत नाही.

पालकांनो, स्पष्ट बोलतो. "शेजाऱ्याचा मुलगा पुण्यात ॲप बनवतो" हे करिअरचं कारण होत नाही. मुलाला संगणकाची खरी ओढ असेल तर पॉलिटेक्निक, बीसीए, इंजिनिअरिंग हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय मन लावून शिकू द्या. पण गणित नको, वाचन नको, फक्त ॲप हवं, असं असेल तर पैसे घरीच ठेवा.

मला ज्या वाटेबद्दल बोलायचंय ती कुणी विचारतच नाही: नकाशे. ताडोबातला वनरक्षक गस्तीवर एम-स्ट्राइप्स नावाचं ॲप वापरतो. उपग्रहाकडून ठिकाण घ्यायला नेटवर्क लागत नाही, म्हणून ते खोल जंगलातही नोंद ठेवतं आणि माहिती नंतर वर जाते. ॲप साधंच आहे, पण त्या नोंदींचा अर्थ लावणारा माणूस महत्त्वाचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा या वाटेने गेल्या. हद्द दाखवायची, बांबू कुठला तोडायचा आणि कुठला राखायचा ते ठरवायचं, तर प्रत्येकीला नकाशा लागतो, आणि तो वाचणारं गावातलंच पोरगं लागतं. माडिया-गोंडी बोलणारं असेल तर सोन्याहून पिवळं. भूगोल, भूगर्भशास्त्र, संगणक, सिव्हिल, यातली कुठलीही पदवी घ्या आणि वर जिओइन्फॉर्मेटिक्सचा, म्हणजे संगणकावर नकाशे हाताळण्याचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम करा. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तर आपल्या नागपुरातच आहे. या कामात पगार पहिल्या दिवसापासून डोळे दिपवणारा नसतो, हेही सांगून ठेवतो.

त्या वडिलांना मी एवढंच म्हटलं: बांधी विकू नका. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते पोराच्या लॅपटॉपवर टाका. त्याला फोन घेऊन बांधीच्या धुऱ्यावरून चालू द्या, नकाशा काढू द्या. क्षेत्रफळ सातबाऱ्याशी किती जुळतं ते दोघं मिळून बघा, फरक का पडला ते त्याला शोधू द्या, आणि मग माझ्याकडे या.