हरितगृह वायूंची घट आणि लहान कारखानदार

शहापूर तालुक्यातील वासिंद येथे पोलादी पत्र्यांवर जस्ताचा मुलामा चढविला जातो. पोलादामुळे होणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनाचा मोठा भाग मात्र त्याआधीच, झोतभट्टीत झालेला असतो. तेथे खनिजातील प्राणवायू काढून घेण्यास कोकमधील कार्बन वापरतात व त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याऐवजी हायड्रोजन वापरल्यास पाण्याची वाफ निघते. पोलाद उद्योगातील अशा प्रयोगांसाठी २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात ४५५ कोटी रुपयांची तरतूद आहे.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदारास तिचा थेट उपयोग नाही. त्याने पाहावी ती केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची जुलै २०२५ मध्ये सुरू झालेली, १,००० कोटींची ‘अदिती’ योजना. ऊर्जाबचतीच्या यंत्रसामग्रीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघु उद्योगांस ५ टक्के, मध्यम उद्योगांस ३ टक्के सवलत तीत मिळते. निवडक परिसरांतील १४ उद्योगक्षेत्रे तीत येतात. तेव्हा यादी आधी तपासावी. ऊर्जा-लेखापरीक्षणासाठी ठेवलेले ५० कोटी रक्कम म्हणून थोडे, तरी अधिक मोलाचे. भट्टीची उष्णता कोठे वाया जाते हे कळल्यावाचून कर्ज कशासाठी काढावयाचे?

विटांचा उद्योगही या यादीत आहे. परंतु व्याजाची सवलत ज्याला बँक कर्ज देते त्यालाच मिळणार. शहापूर-मुरबाडच्या ज्या हंगामी वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उचल घेऊन राबतात, त्या बँकेच्या दारापर्यंत कशा पोचणार, हे अजून पाहावयाचे आहे.