लाकूडकामासाठी संगणकीय आराखडा : पहिली निवड कशी करावी?

कोल्हापूरची ख्याती जशी कुस्तीसाठी आणि गुळासाठी आहे, तशीच ती ओतकाम व यंत्रकामासाठीही आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, यंत्रे धातू कापतात. लहान राउटर यंत्रांमुळे हेच तंत्र आता लाकूडकामाच्या हौशी कारागिरांपर्यंत पोहोचले आहे. मात्र यंत्राइतकीच ते चालविणारी आज्ञावलीही महत्त्वाची असते. तिची निवड चुकल्यास सागवानाची फळी वाया जाते आणि शिकणाऱ्याचा धीरही खचतो.

या कामाचे तीन टप्पे आहेत : आराखडा काढणे, पात्याचा मार्ग ठरविणे आणि यंत्राला आज्ञा देणे. नवशिक्याने तिन्ही टप्पे एकाच ठिकाणी होतील अशी आज्ञावली प्रथम घ्यावी. ‘ईझल’ या प्रकारची आहे. परंतु ती इंटरनेटवर चालते. जेथे जोडणी वारंवार खंडित होते, तेथे संगणकावर बसविता येणारी आज्ञावली बरी. नावाची पाटी, नक्षी अशा सपाट कामाचे रेखाटन ‘इंकस्केप’मध्ये करता येते. जाडी व सांधे यांचा विचार करावयाचा असेल, तर ‘फ्रीकॅड’ उपयोगी पडते. ते शिकण्यास मात्र अधिक वेळ लागतो. ही दोन्ही साधने मुक्त आणि विनामूल्य आहेत.

विनामूल्य मिळणारी प्रत्येक आज्ञावली व्यवसायासाठी वापरता येतेच असे नाही. ‘फ्यूजन’ची विनामूल्य आवृत्ती वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे. त्यामुळे वस्तू विकून चरितार्थ चालविणाऱ्या सुताराने परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात. शाळा व ग्रामपंचायतींनीही खरेदीपूर्वी ही खातरजमा करावी. निवडलेल्या आज्ञावलीतील आज्ञा आपल्या यंत्राच्या नियंत्रकाला समजतात काय, हेही विक्रेत्याकडून प्रत्यक्ष चालवून पाहावे.

पहिला प्रयोग प्लायवूडच्या टाकाऊ तुकड्यावर करावा. मापे मिलिमीटरमध्येच आहेत याची खात्री करावी आणि पात्याचा मार्ग आधी पडद्यावर पाहून घ्यावा. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ६ मिलिमीटर व्यासाचे पाते खाचेच्या आतील कोपऱ्यात किमान ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतेच. चौकोनी कूस बसवावयाची असेल, तर तो कोपरा सहसा पटाशीने साफ करावा लागतो. म्हणूनच गावातील जाणत्या सुताराचे स्थान संगणकामुळे कमी होत नाही. नव्या पिढीला हे यंत्र शिकविताना त्या अनुभवी हातांनाही वर्गात मानाने बोलावणे अगत्याचे आहे.