कोरडवाहू ज्वारीच्या बियाण्याची पारख

शास्त्रपाठ : मत्तय, अध्याय 13 — पेरणाऱ्याचा दाखला

या दाखल्यात बी एकच आहे, जमिनी मात्र निरनिराळ्या. खाली खडक असलेल्या जागेतील रोपाने आरंभी मोठी आशा दाखविली. परंतु उन्हापुढे ते टिकले नाही. प्रभूचा रोख अंतःकरणाकडे होता हे खरे. तथापि शेतकऱ्यानेही हा दाखला आपल्या शेतात उभे राहून वाचावा.

रब्बी ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात. पुढे तिला जमिनीत मुरलेल्या ओलीवरच कणसापर्यंत पोहोचावयाचे असते. ही शिदोरी उथळ जमिनीत थोडी व खोल जमिनीत पुष्कळ असते. म्हणून अवर्षणात टिकणारी वाणे दोन प्रकारची : काही ओल संपण्यापूर्वीच पिकतात, काही मुळे खोल नेऊन दाणा भरेपर्यंत पाने हिरवी राखतात.

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ येथे 1930 च्या दशकात गावठी मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी 35-1’ हे वाण काढण्यात आले. भाकरी व कडबा या दोहोंसाठी ते आजही पेरले जाते. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणे दिली. सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीस लवकर पिकणारी ‘फुले अनुराधा’, 60 पर्यंतच्या मध्यम जमिनीस ‘फुले सुचित्रा’ आणि त्याहून खोल भारी जमिनीस ‘फुले वसुधा’. तेव्हा बियाणे घेण्यापूर्वी कुदळीने खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे.

आमच्या गांधीबागेत कापडाचा मोठा बाजार आहे. रंग पक्का की कच्चा हे दुकानात नव्हे, धुतल्यावर कळते. तद्वत् वाणाची खरी पारख चांगल्या पावसाच्या वर्षी होत नाही. जे वाण भरल्या वर्षी सर्वांत उंच, तेच ओल तुटल्यावर सर्वांत आधी माना टाकील, असेही घडते.

यास्तव सर्व शेत नव्या बियाण्यावर सोपवू नये. त्यात कुटुंबाची वर्षभराची भाकर पणास लागते. नेहमीच्या वाणाशेजारी नव्याच्या थोड्या ओळी त्याच दिवशी पेराव्या आणि चार गोष्टी पाहाव्या :

1. फुलोरा कोणास आधी आला?
2. दाणा भरताना खालची पाने कोणाची हिरवी राहिली?
3. खडखड्या रोगाने ताटे पोकळ होऊन कोणती लोळली?
4. सारख्या ओळींतून दाणा व कडबा किती वजनाचा मिळाला?

वरील चारही सुधारित वाणे आहेत, संकरित नव्हेत. म्हणून चांगली कणसे निवडून पुढील पेरणीस बी घरचेच ठेवता येते, व गरिबास त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न : आपल्या शेतात माती किती खोल आहे? ताप येण्यापूर्वी आपल्या विश्वासाची मुळे किती खोल गेली आहेत?

— गांधीबाग, नागपूर