विकिपीडियाचा दुवा : दर शून्य, मग बिल कशाचं?

येवल्यात पैठणीचं दुकान असो की गुहागरला होमस्टे, नवं संकेतस्थळ सुरू केलं की एखादा फोन येतोच : "सर, विकिपीडियावरून बॅकलिंक लावून देतो. गूगलवर वर याल." बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळावरून आपल्या संकेतस्थळाकडे येणारा दुवा. दर विचारण्याआधी आपण नेमकं काय विकत घेतोय ते पाहू.

दुव्याची किंमत

शून्य रुपये. विकिपीडियावर संपादन करायला पैसे लागत नाहीत, लेख लिहायलाही नाहीत. एजन्सीचं बिल येतं ते फक्त तिच्या मजुरीचं. त्यावर १८ टक्के जीएसटी.

रँकिंगला फायदा किती?

विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांना 'नोफॉलो' ही खूण आपोआप लागते. या दुव्याची शिफारस आम्ही करत नाही, असं ती सर्च इंजिनला सांगते. गूगलनं ती २००५ मध्ये आणली आणि दुव्यांची जाहिरातबाजी वाढल्यावर इंग्रजी विकिपीडियानं २००७ पासून सगळ्या बाह्य दुव्यांना लावली. २०१९ मध्ये गूगलनं तिला सक्तीच्या आदेशाऐवजी 'सूचना' मानायचं ठरवलं. एजंट हाच धागा पकडून बोलतात. पण या सूचनेच्या भरवशावर रँकिंगची हमी कुणीच देऊ शकत नाही. उलट रँकिंगसाठी दुवे विकत घेणं गूगलच्या स्पॅम धोरणाचा भंग ठरतं.

ग्राहक किती येतील?

लेखाच्या तळाशी संदर्भात पडलेल्या दुव्यावर फार थोडे वाचक टिचकी मारतात. हिशेब असा मांडा : समजा, एजन्सीनं १५,००० रुपये सांगितले. जीएसटीसह १७,७०० झाले. दुवा महिनाभर टिकला आणि त्यातून ३० जण आले, तर एक पाहुणा ५९० रुपयांना पडला. दुवा दुसऱ्या दिवशी उडाला, तर भागायला आकडाच उरत नाही. आपल्याकडे कोण कुठून आलं, हे गूगल अ‍ॅनालिटिक्सवर फुकटात दिसतं.

बिलात न दिसणारा खर्च

पानाच्या 'इतिहास'मध्ये प्रत्येक संपादनाची नोंद राहते आणि ती कुणालाही वाचता येते. वारंवार दुवे घुसवणाऱ्या संकेतस्थळाचा पत्ता काळ्या यादीत जातो. त्यानंतर तो पत्ता असलेलं संपादन जतनच होत नाही. उद्या एखाद्या प्रामाणिक संपादकाला तुमचा संदर्भ द्यावासा वाटला, तरी दार बंद.

२०१५ मध्ये 'ऑरेंजमूडी' प्रकरणात इंग्रजी विकिपीडियानं ३८१ खाती बंद केली. ही टोळी व्यावसायिकांकडून लेखासाठी पैसे घ्यायची, वर लेख 'सांभाळायला' दरमहा हप्ता मागायची. लेख तर गेलेच, पैसेही गेले.

पैसे देण्याआधी तीन प्रश्न

१. तुमचं विकिपीडियावरचं सदस्यनाव काय? पैसे घेऊन संपादन करणाऱ्यानं ते कुणासाठी करतोय हे जाहीर करावं, असा नियम २०१४ पासून आहे. नाव सांगायला का-कू झाली, तर व्यवहार तिथंच थांबवा.
२. दुवा काढला गेला तर पैसे परत मिळतील का? लेखी घ्या.
३. "विकिपीडियाचे प्रचालक (अ‍ॅडमिन) आमच्या ओळखीचे आहेत" असं म्हणतात का? मग फोन ठेवा.

हेच पैसे कुठे लावाल?

दुसऱ्यानं संदर्भ द्यावा असं काहीतरी आपल्या संकेतस्थळावर हवं. हातमागाची पैठणी मागच्या बाजूनंही पुढच्यासारखीच दिसते. ती कशी ओळखावी, हे स्वतःच्या विणकराकडून समजून घेऊन, जवळून काढलेल्या फोटोंसह नीट लिहा. खर्च छायाचित्रकाराचा आणि तुमच्या वेळेचा. मग संबंधित लेखाच्या 'चर्चा' पानावर "हे दुकान माझं आहे" असं सांगून संदर्भ सुचवा. दुवा घालायचा की नाही, ते संपादक ठरवतील.

विकिमीडिया कॉमन्सवर आपले फोटोही फुकट देता येतात. पण विचार करून द्या. श्रेय देऊन ते कुणीही, अगदी व्यवसायासाठीही, वापरू शकतो आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. गावातलं गिऱ्हाईक हवं असेल, तर आधी गूगलवर दुकानाची व्यवसाय नोंद करा. तीही मोफत आहे.

फसलात तर

पावती, चॅट आणि पानाच्या इतिहासाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एक अडचण मात्र लक्षात घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली सेवा बसत नाही. केवळ पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण तिच्या शब्दांत फक्त वस्तूंचा उल्लेख आहे, सेवेचा नाही. तरीही दुकान तुम्ही स्वतः चालवत असाल, तर तक्रारीत हे पहिल्याच ओळीत लिहा.