आवडीचं नाव सांगण्याआधी

जुना जालना,
आषाढ वद्य पंचमी

चि. सोनूस,


तुझा मोबाईलवरचा लांबलचक मजकूर पोचला. उत्तर कागदावर देते आहे, कारण काचेवर बोट फिरवताना मला काही सुचत नाही. आषाढीची गर्दी ओसरली, आनंदी स्वामींची पालखी झाली, घरात आता जरा निवांत आहे.

तर तुझ्या कला महाविद्यालयात, वर्गात सरांनी प्रत्येकाला आवडता चित्रकार आणि आवडती शैली विचारली. कुणी क्लिम्ट म्हणालं, कुणी रॉथ्को, आणि तू घाबरून गायतोंडे म्हणालीस. खरं म्हणजे तुला आवडतात ते मुळगावकर, आपल्या देवघराशेजारच्या जुन्या कॅलेंडरातले. ‘हे सांगितलं असतं तर सगळे हसले असते,’ असं तू लिहितेस. हसले असतेच. पहिल्या वर्षाची मुलं दुसरं काय करणार? तू खोटं बोललीस याचं मला फारसं काही वाटलं नाही. खटकलं ते निराळंच. गायतोंड्यांचं चित्र तू मोबाईलवर पाहिलंस आणि मुळगावकरांचं छापील कागदावर. म्हणजे दोघांपैकी एकाचंही मूळ चित्र तुझ्यासमोर कधी आलेलं नाही, आणि तू मात्र रात्र-रात्र जागून ठरवते आहेस की आपली आवड कोणती!

आधी मुळगावकर. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल, दोघेही मूळचे गोव्याचे, वयातही फार अंतर नाही. आमच्या लहानपणी दिवाळी अंक घरात आला की मजकुराआधी मुखपृष्ठावरून वाद व्हायचा. तुझे आजोबा मुळगावकरांचे, मी दलालांची. अजूनही आहे. मुळगावकरांच्या बाईच्या गालावर ब्रशचा फटकारा शोधूनही सापडत नाही. सावली कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळू द्यायचंच नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा असावी. दलालांच्या कथाचित्रांत रेषा आधी येते. पदराची एक घडी, मानेचं एक वळण, की बाई उभी राहिली. मला ती उभी राहिलेली बाई आवडते. आजोबा म्हणायचे, तुझी बाई उपाशी दिसते.

तुझी आवड लपवू नकोस. पण ‘छान वाटतं’ म्हणून सोडूनही देऊ नकोस. चित्रावर बोट ठेवून दाखव, नक्की कुठे छान वाटतं? गालावरच्या त्या विरघळत गेलेल्या सावलीत, शालूच्या काठात, की ती लक्ष्मी आहे म्हणून? तिसरं उत्तर आलं तर ती भक्ती झाली. भक्ती असावी, पण तिच्या जोरावर चित्राची परीक्षा होत नाही. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी हेच विचारायची, आणि निम्मी मुलं तिसऱ्याच उत्तराशी येऊन थांबायची.

गायतोंड्यांचं नाव घेतलंस तेही बरंच झालं. ते 1924 साली नागपूरला जन्मले, 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले. पुढे आयुष्यभर मोजकीच चित्रं केली. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. (लिलावातले कोटींचे आकडे छापून आल्यावर अनेकांना ते एकदम आवडू लागले. अशा आवडीबद्दल मी न बोललेलं बरं.) ते रोलरने, पॅलेट नाइफने रंग चढवत, काढत, पुन्हा चढवत. त्या थरांतून उजेड आतून येतो असं वाटतं. मोबाईलवर यातलं काय दिसणार? एक पिवळा नाहीतर करडा चौकोन. मुंबईत त्यांचं चित्र कुठे लागलंय असं कळलं की जा आणि त्या एकाच चित्रापुढे तासभर बस. कंटाळा आला तर तसं वहीत लिही. कंटाळाही खरा असला तर कामाचा.

काच आणि कागदच फसवतात असंही नाही. भिंतही फसवते. अजिंठा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक जुनाट, मधासारखा तपकिरी रंग येतो, आणि पुष्कळांचं प्रेम त्या रंगावरच असतं. पण त्यातला बराचसा रंग चित्रकाराचा नाहीच. नकला करणाऱ्यांनी चित्रं उठून दिसावीत म्हणून वार्निश फासलं. पुढे निजाम सरकारने 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटू लागलेला गिलावा आणि रंग धरून राहावेत म्हणून लाखेचा लेप दिला. हेतू चांगला होता. तो लेप पिवळा पडत गेला, त्यावर धूळ-काजळी बसली. अलीकडे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी काही ठिकाणी तो उतरवला, तेव्हा खालून निळे-हिरवे रंग बरेच ताजे निघाले. त्या निळ्यासाठी लागणारा दगड तर अफगाणिस्तानाकडून आलेला! तेव्हा ‘मला अजिंठा शैली आवडते’ म्हणणाऱ्याला विचारावं लागतं, बाबा रे, तुला चित्र आवडलं की लाख?

नकलांचं सांगते, कारण तू घाबरून विचारलंयस की दुसऱ्याची चित्रं उतरवली तर स्वतःची शैली हरवेल का. रॉबर्ट गिल नावाचा चित्रकार 1844 पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून नकला करत होता. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग 1872 पासून जे. जे.चे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले आणि पुन्हा तेच काम सुरू झालं. त्यांच्याही कितीतरी नकला पुढे लंडनमध्येच जळाल्या. त्या विद्यार्थ्यांतले एक पेस्तनजी बोमनजी. इतकी वर्षं भिंतीवरचे बोधिसत्त्व उतरवूनही त्यांचं नाव झालं ते पारशी घरांतल्या माणसांच्या तैलचित्रांनी. पद्मपाणी बोधिसत्त्वाची छाया त्यांच्या चित्रांतल्या पारशी आजोबांवर पडली नाही. पण डोळा आणि हात तिथे तयार झाले नसतील असं कोण म्हणेल? तुझ्यापाशी अजून शैली आहेच कुठे हरवायला! बिनधास्त नकला कर. मुळगावकरांची एक कर, आणि जो तुला अजिबात आवडत नाही अशाचीही एक कर. न आवडणाऱ्याची नक्कल जास्त शिकवते, कारण तिथे आपण प्रेमाने डोळेझाक करत नाही.

आता भोकरदनचं. आपल्या जिल्ह्याचं, म्हणून अभिमानाने सांगते. तिथल्या 1973 च्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी फार जवळचं साम्य असलेली मूर्ती 1938 साली इटलीत, पॉम्पेईच्या एका घरात सापडली होती. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे मूर्ती त्याच्या आधीच तिथे पोचलेली. उंची सुमारे 25 सेंटिमीटर, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, अंगावर दागिनेच दागिने. डोक्यातून खाली भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ होती की एखाद्या मेजाचा पाय, यावर विद्वानांचे वाद आहेत. ती केळणा नदीकाठच्या भोगवर्धनातल्या, म्हणजे आपल्या भोकरदनच्या, कारागिरांनी घडवली असावी असं काही अभ्यासक मानतात. ज्याच्या घरी ती होती त्याला कुणी शैली विचारली असती तर तो काय सांगणार होता? सातवाहन शैली हे नाव त्याने ऐकलंही नसेल. तरी वस्तू त्याने घरात ठेवलीच ना?

पण तेवढ्यावरून ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय मिटवू नकोस. ते आळशी माणसाचं बोलणं आहे. चांगलं-वाईट असतं. आपल्याकडे सळयांच्या आणि बियाण्यांच्या जाहिरातींनी भिंती रंगवलेल्या असतात, त्याच बघ. एखादा पेंटर असा असतो की त्याचं ‘क’चं पोट आणि ‘श’ची गाठ वीस फुटांवरूनही तोलात दिसते, आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी अक्षरं नुसती कोंबलेली असतात. हे कळायला पुस्तक लागत नाही. पण दोन्ही भिंतींपुढे उभं राहावं लागतं, आणि फ्लेक्सच्या दिवसांत असे पेंटर कमी होत चाललेत, तेव्हा लवकर उभी राहा.

सरांनी पुन्हा विचारलं तर मुळगावकर सांग आणि ती सावली कशी केली असेल ते फळ्यावर काढून दाखव. हसू देत त्यांना. त्यातल्या कुणाला ती जमते का, तेही विचार.

दिवाळीच्या सुट्टीत ये. एसटीने भोकरदनवरून अजिंठ्याला जाऊ. सोमवारी लेणी बंद असतात आणि सुट्टीच्या रविवारी माणसांच्या पाठीच पाहाव्या लागतात, म्हणून मधला एखादा वार धर. सगळी लेणी पाहायची नाहीत, पहिलं आणि सतरावं, बस. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो, आणि मोबाईल तू माझ्या पिशवीत टाकायचास. टू-बी पेन्सिली आण, इथे चांगल्या मिळत नाहीत.

तुझी,
आत्या