साक्ष ज्याची त्यानेच द्यावी

महानगरपालिका, नगर परिषद, जिल्हा परिषद वा ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की आपल्या मोहल्ल्यांत एक प्रश्न हमखास कानी पडतो : या वेळी कोणाला द्यायचे ठरले आहे? हा प्रश्न एकोप्याच्या भावनेतून येतो, हे खरे. परंतु मत देणे म्हणजे नेमके काय, याचा दीनच्या प्रकाशात विचार केला, तर हा प्रश्न दुसऱ्याला नव्हे, स्वतःला विचारायचा आहे, हे ध्यानी येते.

मत म्हणजे साक्ष

उमेदवाराच्या नावासमोरील बटण दाबताना मतदार वस्तुतः असे सांगत असतो की, माझ्या माहितीप्रमाणे हा मनुष्य या कामास पात्र व विश्वासू आहे. म्हणूनच आपल्या उपखंडातील अनेक उलेमांनी मताला 'शहादत' अर्थात साक्ष मानले आहे. सूरह बकरामध्ये (आयत 282 व 283) साक्षीदारांना बोलावले असता त्यांनी नकार देऊ नये, असा आदेश आहे. साक्ष लपविणाऱ्याचे अंतःकरण गुन्हेगार ठरविले आहे. या आयती कर्जाच्या व्यवहारासंबंधी असल्या तरी त्यांतील तत्त्व व्यापक आहे : इतरांचा हक्क ज्या साक्षीवर अवलंबून आहे, ती दडवून ठेवण्याची मुभा मोमिनाला नाही.

साक्ष कशी असावी, हे सूरह निसा (आयत 135) शिकविते. ती न्यायाची असावी. मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरोधात का जाईना. सूरह माइदा (आयत 8) बजाविते की, एखाद्या समूहाविषयीच्या द्वेषाने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. म्हणजे 'आपला' म्हणून अपात्राला मत देणे आणि 'परका' म्हणून पात्राला नाकारणे, या दोन्ही गोष्टी साक्षीला बाधक आहेत.

हुनैननंतरचा प्रसंग

हिजरी सन 8 मधील हुनैनच्या युद्धानंतर हवाजिन कबिल्याचे शिष्टमंडळ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. त्यांनी आपले युद्धकैदी परत मागितले. कैद्यांची वाटणी झालेली होती. प्रेषितांनी (स.) लोकांसमोर ते परत करण्याचा विचार मांडला व निर्णय त्यांच्या खुशीवर सोपविला. जमावातून आवाज उठला की, आम्ही राजी आहोत. प्रकरण तेथेच संपू शकले असते. परंतु प्रेषितांनी (स.) फर्माविले की, तुमच्यापैकी कोण राजी आहे आणि कोण नाही, हे आम्हाला यावरून कळत नाही, तुम्ही परत जा, तुमचे प्रमुख तुमचे म्हणणे आमच्यापर्यंत आणतील. प्रमुखांनी आपापल्या लोकांशी बोलून त्यांची संमती कळविली, तेव्हाच ती ग्राह्य धरली गेली. ही हकीकत सहीह बुखारीत आली आहे.

येथे प्रमुखाचे काम लोकांच्या वतीने ठरविण्याचे नव्हते. लोकांनी काय ठरविले, हे पोहोचविण्याचे होते. आपसांत मश्वरा करणे हा मोमिनांचा गुण आहे. बुजुर्गांचे मत अवश्य ऐकावे. मात्र मोहल्ल्याच्या वतीने कोणी शब्द देऊन यावे आणि इतरांनी तो मुकाट्याने पाळावा, हा मश्वरा नव्हे. हीच गोष्ट घरातही लागू होते. पत्नी, आई, सून यांची साक्ष त्यांची स्वतःची आहे. तिचा जाब त्यांनाच द्यायचा आहे.

विकलेली साक्ष

प्रेषितांनी (स.) मोठ्या पापांची गणना करताना खोट्या साक्षीचा उल्लेख आला, तेव्हा ते टेकून बसले होते ते सरळ उठून बसले आणि तो इशारा वारंवार उच्चारीत राहिले. लाच देणारा व घेणारा, या दोघांवरही त्यांनी लानत केली आहे. मतदानाच्या आदल्या रात्री येणारे पाकीट याहून निराळे नाही. ते वस्तीच्या कामासाठी वा मशिदीच्या रंगरंगोटीसाठी घेतले, म्हणून हलाल होत नाही. कायद्यानेही मतासाठी पैसे देणे व घेणे हा गुन्हा आहे.

ही साक्ष कशासाठी?

नळाचे पाणी, गटारे, दिवाबत्ती, दवाखाना, पालिकेची उर्दू व मराठी शाळा ही कामे स्थानिक संस्थांकडे असतात. दफन व दहनासाठी जागेची व्यवस्था करणे हेही महानगरपालिकेचे कर्तव्य आहे. कब्रस्तानच्या जागेसाठी वर्षानुवर्षे अर्ज करणारे आपण, त्या कामाचा प्रतिनिधी निवडताना घरी बसलो, तर तक्रार कोणाकडे करणार? शिवाय रस्ता आणि पाणी शेजाऱ्याचा धर्म विचारीत नाहीत. योग्य माणूस निवडणे हा शेजारधर्मही आहे.

साक्षीची तयारी

स्थानिक निवडणुकीसाठी विधानसभेचीच मतदार यादी प्रभागनिहाय विभागून वापरली जाते. ठरलेल्या तारखेला तिच्यात नाव नसेल, तर नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. 18 वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी नमुना 6 भरावा. पत्ता बदलला असेल किंवा नावात चूक असेल, तर नमुना 8 आहे. विवाह होऊन आलेल्या सुनांची नावे बहुधा माहेरच्या यादीतच राहतात. त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांत एका प्रभागातून अनेक सदस्य निवडले जातात. तेथे प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यायचे असते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधीच समजावून सांगावे.

मशिदीच्या मिंबरावरून कोणा उमेदवाराचा प्रचार होऊ नये. आचारसंहितेलाही तो मान्य नाही. या लेखातही कोणाचे नाव नाही. उमेदवाराचे चारित्र्य, त्याने पूर्वी केलेले काम आणि सर्वांशी असलेली त्याची वागणूक यांची चौकशी ज्याने त्याने करावी. सर्वगुणसंपन्न कोणी आढळला नाही, तर असलेल्यांत जो अधिक विश्वासू, त्याच्या बाजूने साक्ष द्यावी.

मतदानकक्षात आपल्यासोबत दुसरा कोणी नसतो. अल्लाह मात्र पाहत असतो. तो आपणा सर्वांना सत्याची साक्ष देण्याचे बळ देवो. आमीन.