सिकलसेलचा रुग्ण आला की आम्ही काय पाहतो

विदर्भातील आपल्या बौद्ध वस्त्यांना आणि आदिवासी पाड्यांना सिकलसेल नवा नाही. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. वरून जखम दिसत नाही. म्हणून ‘नाटक करतो’ हे रुग्णाला घरी ऐकावे लागते. खरे सांगायचे तर कधी वॉर्डातही.

आम्हा परिचारिकांचा पहिला धडा हाच : दुखणे किती, हे रुग्ण सांगेल तेच खरे. शून्य ते दहापैकी आकडा विचारायचा, लिहायचा, औषधानंतर पुन्हा विचारायचा. मोबाईल पाहत शांत पडलेल्या मुलाचे दुखणेही नऊवर असू शकते.

दुसरा धडा श्वासाचा. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजायचा. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 श्वास होतात. श्वास वाढले आणि सोबत ताप, खोकला किंवा छातीत दुखणे असेल, तर डॉक्टरांना तातडीने बोलवायचे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर कधी कधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. आकडा चांगला, पण धाप लागलेली, तर धापेवर विश्वास ठेवायचा. जोरदार वेदनाशामक दिल्यावर गुंगी येते का, श्वास मंदावतो का, हेही पाहायचे.

तिसरा धडा रंगाचा. फिकेपणा गालावर शोधू नये. खालची पापणी, जीभ आणि तळहात पाहावेत. लहान मूल अचानक पांढरे पडले, मलूल झाले आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगले, तर प्लीहेत रक्त साठत असू शकते. तिथे थांबायला वेळ नसतो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही पक्षाघाताची चिन्हे. ती लहान मुलांतही दिसतात.

घरच्यांनी एवढे करावे. सिकलसेलचे कार्ड सोबत आणावे आणि आल्याबरोबर दाखवावे. भरपूर पाणी पाजावे, दुखऱ्या जागी बर्फ लावू नये. ताप 101 फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासावे. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. तपासणीत कमीपणा नाही. रुग्णाचे दुखणे खोटे ठरवण्यात मात्र आहे.